उच्चीचा ग्रह आणि घरची दुर्बीण

सुशिक्षित घरांत दुर्बीण ही आतां अपूर्वाईची वस्तु राहिलेली नाहीं. मुलाच्या मुंजींत आहेर म्हणून, परीक्षेंतील यशाचें बक्षीस म्हणून किंवा परदेशाहून येणाऱ्या काकांना हौसेनें सांगून आणविलेली चार-सहा इंची दुर्बीण पुष्कळ घरीं आढळते. ती येते त्या दिवशीं घरांत उत्सव असतो. दिवेलागण होतांच सारी मंडळी गच्चीवर जमते. पूर्वेस नुकत्याच उगवलेल्या तेजस्वी ग्रहाकडे नळी वळविली जाते. धाकट्यांची रांग लागते. आणि पाळीपाळीनें डोळा लावणाऱ्या प्रत्येकास दिसतो तो एक थरथरणारा, एका कडेला निळा व दुसऱ्या कडेला तांबडा झालेला, पाण्यांत विरघळत चाललेल्या बत्ताशासारखा ठिपका. पुस्तकांतील गुरूचे पट्टे त्यावर नसतात. असें तीन-चार वेळां झालें कीं उत्साह ओसरतो, दुर्बीण खोक्यांत जाते आणि खोकें माळ्यावर जातें.

अशा वेळीं दोष बहुधा दुर्बिणीचा नसतो, तिच्या विक्रेत्याचा नसतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याचाही नसतो. ग्रह आकाशांत फार खालीं असतांना पाहिला गेला, एवढेंच घडलेलें असतें. तोच ग्रह, तीच दुर्बीण, तीच गच्ची. परंतु मध्यें चार-पांच तास जाऊं दिले तर जणूं दुसरीच दुर्बीण हातीं आली असें वाटावें इतका पालट होतो. दुर्बिणीचे इंच वाढविण्यास पैसे लागतात. ग्रहाची उंची मात्र फुकट मिळते. या बाबतींत निसर्गानें महाराष्ट्राला इतकें झुकतें माप दिलें आहे कीं, तें न घेणें म्हणजे दारीं आलेल्या गंगेस पाठ दाखविणें होय. हें स्पष्ट करण्यासाठीं आम्हीं पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतील कवठे येमाई हें गांव उदाहरणास घेतलें आहे. तेथें आमच्या आप्तांचें घर आहे, हें एक कारण. आणि तेथील आकाशाचा हिशेब दोन-तीन अंशांच्या फरकानें कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत सर्वत्र लागू पडतो, हें दुसरें.

क्षितिजापासून ग्रह किती अंश वर आहे त्या मापास आपल्या ज्योतिषांत उन्नतांश म्हणतात. क्षितिजावर उन्नतांश शून्य; बरोबर डोक्यावर, म्हणजे खमध्यीं, नव्वद. सन ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथांत यंत्रांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे, आणि त्यांतील यंत्रांचें एक मुख्य काम हे अंश मोजणें हेंच होतें. घरगुती कामास मात्र आपला हात पुरतो. हात पुढें ताठ करून मूठ वळली म्हणजे तिची रुंदी सुमारें दहा अंश भरते. वीत ताणली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत सुमारें वीस. क्षितिजापासून तीन मुठी वर असलेला ग्रह तीस अंशांवर आहे, असें धरण्यास हरकत नाहीं.

आतां उंचीनें एवढा फरक कां पडावा? कारण आपण ग्रह पाहतों तो हवेच्या थरांतून, आणि त्या थराची जाडी दृष्टीच्या दिशेप्रमाणें बदलते. भाकरी सरळ उभी कापली तर सुरीला एका भाकरीची जाडी कापावी लागते. तीच सुरी आडवी, तिरकी घातली तर किती तरी अधिक. डोक्यावरील ताऱ्याच्या प्रकाशास जेवढी हवा ओलांडावी लागते तिला एक मानलें, तर साठ अंशांवर ती सव्वा पटीहूनही कमी, पंचेचाळीस अंशांवर सुमारें १.४ पट, तीस अंशांवर दुप्पट, वीस अंशांवर जवळजवळ तिप्पट आणि दहा अंशांवर साडेपांच पटींहून अधिक होते. या आंकड्यांतील मर्म ध्यानीं घ्यावें. नव्वदांवरून साठांवर उतरलें तर फारसें बिघडत नाहीं. तिसांच्या खालीं मात्र प्रत्येक अंशाची किंमत मोजावी लागते.

ही हवा तीन प्रकारें आपलें नुकसान करते. पहिलें म्हणजे ती तेज शोषून घेते. ग्रह मुळांतच तेजस्वी असल्यामुळें या नुकसानीची फारशी पर्वा करण्याचें कारण नाहीं. दुसरें म्हणजे ती थरथरते. उष्ण व थंड हवेचे लहानमोठे पुंजके एकमेकांत मिसळत असतात आणि प्रत्येक पुंजका प्रकाशास किंचित् इकडे-तिकडे वळवितो. चुलीवर तापलेल्या तव्यावरून पलीकडची भिंत पाहिली तर ती जशी हलते, तसा ग्रह हलतो. हवेचा पल्ला वाढला कीं हा कंप वाढतो. तीस अंशांवर तो डोक्यावरच्या मानानें सुमारें दीडपट असतो. शिवाय खालच्या दिशेनें पाहतांना दृष्टि शेजारच्या पत्र्यांवरून, तापलेल्या गच्च्यांवरून, रस्त्यांवरून जाते, हें वेगळेंच.

तिसरें नुकसान सर्वांत मासलेवाईक आहे. हवा ही पातळ भिंगासारखी प्रकाशास वांकविते. क्षितिजाजवळ हें वक्रीभवन अर्ध्या अंशाहून अधिक असतें. म्हणूनच मावळता सूर्य क्षितिजास टेकलेला आपणांस दिसतो तेव्हां वस्तुतः तो क्षितिजाखालीं गेलेला असतो. परंतु सर्व रंग सारखे वांकत नाहींत. निळा अधिक वांकतो, तांबडा कमी. परिणामीं ग्रहाची निळी प्रतिमा किंचित् वर व तांबडी किंचित् खालीं अशी पडते, आणि मधल्या रंगांच्या प्रतिमा त्यांच्या दरम्यान एकीवर एक रचल्या जातात. छपाईंत रंगांचे ठसे सरकले म्हणजे देवाच्या चित्राचे ओठ हनुवटीवर उतरतात, तसाच हा प्रकार.

हा सरकाव किती, तें आंकड्यांनीं पाहूं. अंशाचे साठ भाग केले कीं कला होते आणि कलेचे साठ भाग केले कीं विकला. जांभळ्या टोकापासून तांबड्या टोकापर्यंत हा फांटा साठ अंशांच्या उंचीवर एका विकलेच्या आंत राहतो. पंचेचाळीसवर सुमारें दीड, तीसवर सुमारें अडीच, वीसवर चार आणि पंधरावर पांचाहून अधिक विकला होतो. आतां सहा इंची दुर्बिणीची बारकावे वेगळे दाखविण्याची शक्ति सुमारें पाऊण विकला आहे. म्हणजे तीस अंशांवर हवा जें फांकविते तें दुर्बिणीच्या सूक्ष्मतेच्या तिपटीहून अधिक आहे! गुरूवरील सुप्रसिद्ध तांबडा डाग आपल्याला जवळ असतांना सुमारें पांच विकला रुंद दिसतो. पंधरा अंशांवर तेवढा तर नुसता रंगांचा फांटाच असतो. डोळ्यास जांभळें व गर्द तांबडें हीं दोन्ही टोकें मंद दिसतात, म्हणून प्रत्यक्ष पाहण्यांतील त्रास याच्या निम्म्याएवढा भासतो. कॅमेरा मात्र दोन्ही टोकें टिपतो आणि पुरी शिक्षा भोगतो.

याची प्रचीति घेण्यास ग्रहाचीही वाट पहावयास नको. माघ महिन्यांत रात्रीं नऊच्या सुमारास कवठ्याच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभे रहावें. खालीं अगस्त्य आणि त्याच्या बराच वर व्याध, हे आकाशांतील दोन सर्वांत तेजस्वी तारे जवळजवळ एकाच वेळीं उच्चतम स्थानीं आलेले दिसतील. अगस्त्य इतका दक्षिणेस आहे कीं, कवठ्याहून तो कधींही अठरा-एकोणीस अंशांपेक्षां वर चढत नाहीं. व्याध चोपन्न अंशांपर्यंत चढतो. दुर्बिणींतून आधीं अगस्त्य पहावा. तो एका जागीं ठरत नाहीं आणि त्याच्या वरच्या व खालच्या कडेस रंगांची झालर दिसते. मग व्याध पहावा. तो तेजानें अधिक असूनही त्या मानानें शांत भासतो. त्यानंतर पश्चिमेकडे उतरूं लागलेली, पण अजून बरीच वर असलेली रोहिणी पहावी. एकाच दुर्बिणींतून, एकाच घटकेंत, केवळ उंची बदलल्यानें काय होतें हें घरांतील दहा वर्षांच्या मुलासही मग समजावून सांगावें लागत नाहीं. दुर्बिणीनें भिंगाआड ताऱ्यांची प्रतिमा उलटी दाखविल्यास निळी-तांबडी कडही उलटी दिसेल, एवढें ध्यानांत ठेवावें.

आतां ग्रह आपल्या गांवीं किती वर चढेल, हें कसें ओळखावें? हिशेब सोपा आहे. आकाशांतील विषुववृत्तापासून ग्रह जितका उत्तरेस वा दक्षिणेस असेल ती त्याची क्रांति. गांवाचा अक्षांश आणि ग्रहाची क्रांति यांतील अंतर काढावें व तें नव्वदांतून वजा करावें. क्रांति दक्षिण असेल तर अंतराऐवजीं दोहोंची बेरीज घ्यावी. जें उरेल तो ग्रहाचा याम्योत्तरवृत्तावरचा, म्हणजे त्या रात्रीचा सर्वांत मोठा उन्नतांश. कवठे येमाईचा अक्षांश सुमारें एकोणीस उत्तर आहे. गुरु किंवा शनि उत्तरेकडे अगदीं टोकास गेला, म्हणजे त्याची क्रांति बावीस-तेवीस अंश झाली, तर तो कवठ्याच्या खमध्यापासून अवघ्या तीन-चार अंशांवरून जातो. उलट दक्षिण टोकास गेला तरीही तो अठ्ठेचाळीस अंश वर येतोच.

हीच मोजणी लंडनसाठीं करून पहावी. तेथील अक्षांश साडेएक्कावन्न. तेथें उत्तरेकडील ग्रह कसाबसा साठ अंशांवर चढतो आणि दक्षिणेकडील ग्रह पंधरा-सोळा अंशांवरच राहतो; शेजारच्या घराच्या धुराड्याआड तो दडतो म्हटलें तरी चालेल. म्हणजे त्यांचा सर्वांत चांगला दिवस आपल्या मध्यम दिवसाहून फार वरचढ नसतो आणि आपला सर्वांत वाईट दिवस त्यांना हेवा वाटावा असा असतो. ग्रहांच्या छायाचित्रणांत जगभर नांव मिळविलेले इंग्लंडचे डेमियन पीच हे आपली दुर्बीण घेऊन बार्बाडोस बेटावर जात असत. त्या बेटाचा अक्षांश तेरा. ज्या उंचीसाठीं तिकडील हौशी माणसें समुद्र ओलांडतात ती आपल्याकडे अंगणांत उभें राहून मिळते. तिचा उपयोग करण्यास लागते ती फक्त जागण्याची तयारी.

सन २०२४ च्या दत्तजयंतीस, १४ डिसेंबरला, आम्ही कवठ्यास होतों. गुरु वृषभ राशींत रोहिणीजवळ होता, एका आठवड्यापूर्वीं त्याची सूर्याशीं प्रतियुति झाली होती आणि त्या रात्रीं चंद्रही त्याच्या शेजारीं आला होता. घरांत सहा इंची आरशाची दुर्बीण होती. सायंकाळीं सात वाजतां मुलांनीं आग्रह धरला म्हणून ती लावली. गुरु तेव्हां दोन मुठींहून थोडासाच वर होता. चार चंद्रांचे ठिपके पाहून मुलें खूष झालीं. पण गुरुबिंबावर एक मळकट छटा आणि भोंवतीं रंगीत झालर, यांपलीकडे कोणास कांहीं दिसलें नाहीं. थोरल्या वहिनी म्हणाल्या, “चित्रांत दाखवितात तें सारें खोटेंच कीं काय?” जेवणें उरकलीं, जन्माचा प्रसाद वाटून झाला, मुलें निजलीं. अकराच्या सुमारास आमच्या आत्याबाई, ज्यांना वयोमानानें रात्रीं झोंप कमीच येते, शाल पांघरून वर आल्या आणि खुर्चीवर बसून त्यांनीं डोळा लावला. गुरु आतां पंचाहत्तर अंशांच्या वर गेला होता. कांहीं वेळ त्या बोलल्याच नाहींत. मग म्हणाल्या, “दोन पट्टे आहेत रे, गंधाच्या रेघांसारखे. आणि वरच्या पट्ट्याची कड तुटकी आहे.” हें त्यांनीं कोणत्याही पुस्तकांत वाचलेलें नव्हतें. वहिनींना उठवून आणलें, मुलांनाही उठविलें. पौर्णिमेचें लख्ख चांदणें पडलें होतें, पण ग्रहदर्शनास चांदण्याचा अडथळा होत नाहीं. त्या रात्रीपासून त्या घरची दुर्बीण माळ्यावर गेलेली नाहीं.

आतां याहून मोठी गोष्ट. ग्रहाच्या उंचीचा संबंध आपल्या ऋतूंशीं आहे, आणि महाराष्ट्रापुरता तो फार नमुनेदार आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. म्हणून सूर्य उत्तरेकडे असतां तो दक्षिणेकडे व सूर्य दक्षिणेकडे असतां तो उत्तरेकडे असतो. दत्तजयंतीचा चंद्र मध्यरात्रीं डोक्यावर येतो आणि वटपौर्णिमेचा दक्षिणेकडून, खालच्या वाटेनें जातो, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं पाहिलेलें आहेच. मंगळ, गुरु व शनि हे प्रतियुतीच्या वेळीं सूर्यासमोर येतात, आणि तेव्हांच ते सर्वांत जवळ व मोठे दिसतात. तेव्हां त्यांनाही पौर्णिमेच्या चंद्राचाच नियम लागतो. ज्या वर्षीं प्रतियुति मार्गशीर्ष-पौषांत येते त्या वर्षीं ग्रह माथ्यावर असतो आणि आभाळ निरभ्र असतें. ज्या वर्षीं ती ज्येष्ठ-आषाढांत येते त्या वर्षीं ग्रह खालीं असतो आणि वर पावसाचे ढग असतात. सुकाळ आणि दुष्काळ असे दोन्ही एकदमच येतात.

सन २०१८ हें वर्ष दुष्काळाचें होतें. त्या वर्षीं शनीची प्रतियुति २७ जूनला झाली. शनि तेव्हां कवठ्याहून अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास अंशांपर्यंतच चढत होता. महिन्यानें, २७ जुलैला, मंगळाची प्रतियुति झाली. त्या दिवशीं गुरुपौर्णिमा होती आणि रात्रीं खग्रास चंद्रग्रहणही लागलें, ज्याची खग्रास स्थिति या शतकांतील सर्वांत दीर्घ, १०३ मिनिटांची होती. मंगळ ग्रहणाच्या चंद्राजवळच होता आणि त्याचें बिंब २४ विकलांहून मोठें झालें होतें. एवढा मोठा योग, पण मंगळाची कमाल उंची पंचेचाळीस अंश, वर श्रावणाच्या तोंडचें आभाळ, आणि भरीस भर म्हणजे खुद्द मंगळावर धुळीचें प्रचंड वादळ उठलेलें!

येथें पंचांग पाहणाऱ्या वाचकांस एक मौज सांगावीशी वाटते. फलज्योतिषांत मंगळ मकरेस उच्चीचा मानतात आणि २०१८ च्या त्या दिवसांत तो मकरेंतच होता. दुर्बिणीच्या हिशेबानें मात्र मकर ही खालच्या वाटेची रास. उलट कर्केस मंगळ नीचीचा. पण सन २०२५ च्या १६ जानेवारीस कर्क-मिथुनेच्या सीमेवर असतां तो कवठ्याच्या आकाशांत चौऱ्यायशी अंशांवर चढला होता. गुरूच्या बाबतींत मात्र दोन्ही शास्त्रांचें एकमत पडतें: कर्क त्याची उच्च रास, आणि तेथें तो आकाशांतही उंच असतो.

मंगळाचें गणित इतर दोघांपेक्षां अवघड आहे. त्याची कक्षा लांबट असल्यामुळें तो पावसाळ्यांतील प्रतियुतींत फार जवळ येतो व हिवाळ्यांतील प्रतियुतींत दूर राहतो. २०२५ च्या जानेवारींत तो इतका उंच होता, पण बिंब अवघें साडेचौदा विकला भरलें. दोन्हींचा मेळ बसला तो सन २०२० च्या १३ ऑक्टोबरला. बिंब साडेबावीस विकला, उंची शहात्तर अंश आणि पाऊस संपत आलेला. असाच चांगला योग पुढें २०३५ च्या सप्टेंबरांत आहे. तेव्हां बिंब २०१८ एवढें मोठें आणि उंची साठ अंशांहून अधिक राहील.

गुरूचा फेरा बारा वर्षांचा आहे. २०१९ व २०२० या वर्षीं तो खालच्या वाटेनें, पावसाळ्यांत समोर आला. २०२४ च्या डिसेंबरांतील प्रतियुति व १० जानेवारी २०२६ ची प्रतियुति या दोन्ही माथ्यावरच्या. दुसऱ्या प्रतियुतींत त्याचा कवठ्याचा उन्नतांश सत्यायशीपर्यंत जातो. परंतु प्रतियुतीच्या तिथीस फार चिकटून राहूं नये, असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें. त्या दिवशीं ग्रह सूर्यास्तास उगवतो आणि माथ्यावर यावयास मध्यरात्र उलटते. जानेवारींत कवठ्यास घड्याळांत पाऊण वाजतो. शाळेंत जाणाऱ्या मुलांना हें परवडणारें नाहीं. ग्रह मात्र रोज सुमारें चार मिनिटें आधीं माथ्यावर येतो, म्हणजे महिन्याला दोन तास. जानेवारींत प्रतियुति असलेला गुरु मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत रात्रीं साडेआठच्या सुमारासच माथ्यावर असतो. बिंब तोंवर थोडें लहान होतें, पण उंचीचा लाभ त्याहून किती तरी मोठा. घरांतील सर्वांनीं पहावयाचें असेल तर प्रतियुतीनंतरचा दुसरा-तिसरा महिना हाच खरा पर्वकाळ.

ज्यांना छायाचित्रें घ्यावयाचीं आहेत त्यांना तर हा नियम अधिकच कांटेकोरपणें पाळावा लागेल. आजकाल ग्रहाचें एकच चित्र घेत नाहींत. लहान कॅमेरा दुर्बिणीस जोडून दोन-तीन मिनिटांचें चलच्चित्र घेतात. गुरु दहा तासांच्या आंत स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें त्याहून लांबविल्यास खुणा पुसट होतात. त्यांत हजारों चित्रें असतात. हवा क्षणभर स्थिर झाली त्या क्षणींचीं चांगलीं चित्रें संगणक निवडून काढतो, बाकीचीं टाकतो आणि निवडलेलीं एकावर एक ठेवून एक स्वच्छ चित्र बनवितो. धान्य पाखडण्याचाच हा प्रकार. आणि सुपांत मूळचें धान्यच कमी असेल तर पाखडून काय हातीं लागणार? ग्रह वर असतां हजारांत शंभर चित्रें कामाचीं निघतील. वीस अंशांवर दहा निघणें मुष्कील. ग्रह नाइलाजानें खालीं असतां घ्यावयाचा असेल तर दोन उपाय आहेत. एक, तांबडी कांच लावून एकाच रंगांत चित्र घेणें; रंग एकच राहिल्यानें फांटा जवळजवळ नाहींसा होतो, आणि तांबड्या प्रकाशास हवेचा कंपही कमी बाधतो. दुसरा, दोन पातळ पाचरीसारख्या लोलकांचें एक साधन मिळतें. तें उलट दिशेनें रंग फांकवून हवेचा फांटा रद्द करतें. कंप मात्र त्यानेंही जात नाहीं. पन्नास अंशांच्या वर या साधनाची गरज सहसा पडत नाहीं, म्हणून आपल्याकडे तें पहिल्याच दिवशीं विकत घेण्याचें कारण नाहीं.

फार उंचीचीही एक अडचण आहे. लांकडी पाटावर फिरणाऱ्या साध्या दुर्बिणीस अगदीं डोक्यावरचा ग्रह धरवत नाहीं. थोडें सरकविण्यासाठीं सबंध पाट फिरवावा लागतो आणि ग्रह हातचा निसटतो. त्यावर उपाय सोपा. ग्रह माथ्यावर येण्यापूर्वीं एक-दीड तास किंवा नंतर तितकाच वेळ पहावें. तेव्हां तो सत्तर अंशांच्या आसपास असतो. दुर्बीण सुखानें वळते आणि हवेचा पल्ला म्हणावा तसा वाढलेला नसतो.

शुक्र व बुध यांना हा सारा हिशेब लागू नाहीं. शुक्र सूर्यापासून सत्तेचाळीस अंशांपलीकडे व बुध अठ्ठावीस अंशांपलीकडे जात नसल्यामुळें रात्र पडेपर्यंत ते खालींच आलेले असतात. म्हणून अंधाराची वाट न पाहतां सूर्य मावळतांक्षणींच त्यांना शोधावें. शुक्राची कोर तर उजळ आभाळांतच अधिक रेखीव दिसते. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याखेरीज मुलांच्या हातीं दुर्बीण देऊं नये. सूर्याकडे चुकून वळलेली दुर्बीण डोळा कायमचा घालविते.

गांवांतील जागेविषयींही दोन शब्द. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते व रात्रीं उशिरांपर्यंत उष्णता सोडीत राहते. त्यामानानें मातीचें, झाडलोट केलेलें अंगण लवकर निवतें. दुर्बीण घरांतून बाहेर आणून पाऊण तास तशीच ठेवावी, म्हणजे तिच्या नळींतील हवाही निवते. पहाटेची हवा शांत असते हें खरें; पण शिरूर, आंबेगांव, जुन्नर या भागांत उसाच्या आश्रयानें बिबट्यांचा वावर आहे. तेव्हां पहाटेच्या ग्रहासाठीं शिवारांत न जातां घराच्या गच्चीवरून किंवा बंद आवारांतूनच पहावें. ग्रहाला गांवच्या दिव्यांचा उपद्रव होत नाहीं, म्हणून दूर जाण्याची गरजही नसते.

कवठ्याच्या आसपासचा हा मुलूख आकाशाकडे पाहणाऱ्यांचा आहे, हें आमच्या कांहीं वाचकांस ठाऊक नसेल. जुन्नर तालुक्यांत खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. तिला येणाऱ्या लांब लहरींना आपल्या हवेचा हा थरकाप जाणवत नाहीं, म्हणून ती सपाट शेतजमिनींत उभी राहूं शकते. याच्या उलट आंबेगांव तालुक्यांतील गिरवली येथें पुण्याच्या आयुका संस्थेनें सन २००६ मध्यें सुरू केलेली दोन मीटर आरशाची दुर्बीण प्रकाश पाहणारी आहे. ती डोंगरावर आहे, कारण खालच्या हवेचा जेवढा थर पायाखालीं सोडतां येईल तेवढा हवाच असतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर सन १९४४ मध्यें स्थापन झालेली, हौशी आकाशदर्शकांची आपल्या देशांतील सर्वांत जुनी संस्था. ज्या घरांत दुर्बीण आहे पण सांगणारें कोणी नाहीं त्यांनीं अशा संस्थेशीं परिचय करून घ्यावा.

शेवटीं एका पर्वाची आगाऊ सूचना देऊन ठेवतों. शनीचा फेरा साडेएकोणतीस वर्षांचा. सन २०२५ च्या मार्चमध्यें त्याचीं कडीं आपल्या दृष्टीस अगदीं काठावर आलीं होतीं, रेघेएवढीं. तेव्हांपासून तीं हळूहळू उघडत चाललीं आहेत आणि शनिही वर्षागणिक उत्तरेकडे चढतो आहे. प्रतियुतीही दर वर्षीं तेरा-चौदा दिवसांनीं पुढें सरकून पावसाळ्यापासून हिवाळ्याकडे जाते आहे. २०२५ मध्यें कवठ्याच्या आकाशांत त्याची कमाल उंची अडुसष्ट-एकोणसत्तर अंश होती. २०३२ च्या डिसेंबरांत ती सत्याऐंशीच्या आसपास जाईल, कडीं जवळजवळ पूर्ण उघडलेलीं असतील आणि आभाळ हिवाळ्याचें असेल. हे तिन्ही योग पुन्हां एकत्र येण्यास बराच काळ लोटावा लागतो. यापूर्वींचा असा योग सन २००३ च्या अखेरीस होता.

तोंवर आमच्या वाचकांनीं एवढें करावें. दुर्बिणीच्या खोक्यांत एक वही ठेवावी. जेव्हां जेव्हां ग्रह पाहाल तेव्हां तारीख, वेळ, ग्रह क्षितिजापासून किती मुठी वर होता आणि त्यावर काय दिसलें, हें ज्यानें पाहिलें त्याच्याच हस्ताक्षरांत लिहवून घ्यावें. आजीबाईंचेंही आणि पहिलींतल्या मुलाचेंही. वर्षभरानें ती वही उघडली म्हणजे तीन मुठींच्या खालचीं व सहा मुठींच्या वरचीं टिपणें शेजारींशेजारीं वाचावीं. मग माळ्यावर ठेवलेली दुर्बीण खालीं काढावयास कोणी सांगावें लागणार नाहीं, आणि नवी मोठी घेण्याचा विचारही कदाचित् पुढील वर्षावर टाकतां येईल.